सबसिडी गच्चीला, पोरांना काय?

गच्चीवर सोलर पॅनल बसवायचे म्हणून माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सबसिडी किती?" आता बार्शीत चहाच्या टपरीवरही ते आकडे पाठ झालेत. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार, तीन किंवा त्यापुढे एकूण ७८ हजार. पॅनल बसवणारं पोरगं शिकलंय कुठं, हे मात्र आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही.

या पोरांच्या शिक्षणासाठी सरकारचा पैसा येतच नाही असं नाही. सोलर बसवायचं काम शिकवणारी केंद्राची 'सूर्यमित्र' योजना २०१५ पासूनची. तीन महिने, ६०० तास, राहणं-जेवण फुकट. पाच वर्षांत ५० हजार पोरं तयार करायची, असं तेव्हा ठरलं होतं. मे २०२५ मध्ये एक हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर झाली. आणि ही गच्चीची सबसिडी देणारी २०२४ ची सूर्यघर योजना, ७५ हजार कोटींची, मंजूर झाली तेव्हा तिच्यातून १७ लाख रोजगार होतील असा सरकारचाच अंदाज होता.

त्या १७ लाखांतली एक-दोन पोरं माझ्याकडंही येतात. इलेक्ट्रिशियन ट्रेड पास, घरातलं वायरिंग डोळे मिटून करतील. पण गच्चीवरची वीज वेगळी. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी पडली तरी विझते. पॅनलमधून येतो डीसी, तो शून्यावर येतच नाही. ५४० वॉटचं एक पॅनल, पुढं काही जोडलेलं नसताना, पन्नासेक व्होल्ट देतं. तीन किलोवॅटला अशी सहा एका माळेत जोडली की तीनशेच्या घरात व्होल्टेज. वीज वाहत असताना एमसी-फोर, म्हणजे पॅनलच्या वायरी जोडणारा कनेक्टर, ओढला तर आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, धरतो आणि प्लास्टिक वितळेपर्यंत सोडत नाही.

मी ओरडलो की पोरगं म्हणतं, "आण्णा, मेन स्विच बंद केलाय की!"

अरे बाबा, स्विच खाली बंद केलास, वर सूर्य चालूच आहे ना?

हे त्याला पुस्तकातून माहीत असतं. परीक्षेत लिहिलेलंही असतं. हाताला माहीत नसतं, कारण एमसी-फोर एकदा वायरवर दाबून बसवला, म्हणजे क्रिम्प केला, की तो परत वापरता येत नाही. चांगला हात बसेपर्यंत पोरानं डझनभर तरी बिघडवायला हवेत. वायर, कनेक्टर, थिम्बल, फास्टनर हा सगळा कच्चा माल. एका आयटीआयतले निदेशक माझ्या ओळखीचे आहेत, ते दरवेळी माझ्याकडनं उरलेल्या वायरचे तुकडे नेतात. नवी इमारत दिसते, फीत कापता येते. बिघडवलेल्या कनेक्टरचं उद्घाटन कोण करणार? माझं म्हणणं एवढंच की नव्या ६० हजार कोटींतला ठरावीक वाटा दरवर्षी नुसता कच्च्या मालासाठी राखून ठेवा. यंत्र एकदाच घ्यावं लागतं, माल रोज लागतो.

दुसरं, उंची. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पॅनलचं स्ट्रक्चर जमिनीवर उभं करतात. खरं काम असतं दुमजली घराच्या पत्र्यावर, मे महिन्यात, सेफ्टी बेल्ट घालून. बेल्ट घालायची सवय शिकतानाच लागली तर लागते. माझ्याकडं आल्यावर पोरांना त्याची लाज वाटते.

यावर शिकाऊ उमेदवारी हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त दीड हजार, केंद्र देतं. चार माणसांच्या दुकानालाही त्यात उतरता येतं. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांच्या हे गावीही नाही, ते फक्त कारखान्यांसाठी आहे असं समजतात. दीड हजारांत काय होतं म्हणाल, तर एका पोराचा महिन्याचा एसटी पास आणि दुपारचा डबा निघतो. बाकीचे मी घालतो, कारण वर्षभर माझ्याबरोबर गच्च्या चढलेलं पोरगं मला दुसरीकडनं विकत मिळत नाही. तयार झाल्यावर ते पुण्याला जाईल हेही मला माहीत आहे. जाऊ दे. तिथंही गच्च्या आहेतच.

यंदा दोघांना घ्यायचं ठरवलंय. आयटीआयचं पत्र आणा, उंचीची भीती असेल तर आधीच सांगा. डबा आपापला.