नखभर काळजी

सध्या माझा दिवस दात घासायच्या आधी अंगणात सुरू होतो. चष्मा लावायचा, चपला पायात सरकवायच्या आणि चाफ्यापाशी जाऊन मान वर करून उभं राहायचं. एकेक शेंडा बघायचा. काही नाही. कालही नव्हतं. मग आत येऊन जाहीर करायचं, "नाही अजून." घरात आता कुणी "काय नाही?" असं विचारतसुद्धा नाही.

पानं नसलेला चाफा हा मुळातच धीर खचवणारा प्रकार. बाकीच्या झाडांची पानं गळली तरी बारीक काड्यांची जाळी उरते, तिच्यात आतल्या आत काही चाललं असावं असं वाटतं. चाफ्याच्या फांद्या जाडजूड, राखाडी, टोकाशी बोथट. त्यांच्यावर गळून गेलेल्या पानांचे वण. शेंड्याजवळचे ताजे आणि दाटीवाटीने, खाली यावं तसे पुसट होत जाणारे. इतक्या वर्षांच्या पानांची हजेरीच मांडलेली असते फांदीवर. मी ती वाचत उभी राहते. एवढी पानं येऊन गेली म्हणजे आणखीही येतील, असा दिलासा त्यातून निघतो. एवढी येऊन गेली, आता संपली, असंही निघतं. ते त्या दिवशी झोप कशी झाली त्यावर.

कुंपणापलीकडच्या काकांच्या चाफ्याला पालवी फुटली नसती तर मी एवढी हवालदिल झाले नसते. त्यांची पानं आता तळहाताएवढी आहेत. एकाच जातीच्या दोन झाडांना पालवी मागेपुढे फुटते हे मला माहीत आहे. बीपासून वाढलेलं प्रत्येक झाड आपापला स्वभाव घेऊन येतं. पण ही पळवाट माझ्यापुरती बंद आहे. माझा चाफा म्हणजे काकांच्याच झाडाची फांदी. सहा वर्षांपूर्वी छाटणीत निघालेली त्यांनी कुंपणावरून दिली आणि बजावलं, "लगेच लावू नका हं, आधी कापाचा चीक सुकू द्या." मी ती आठवडाभर सावलीत भिंतीला टेकवून ठेवली आणि मग लावली. म्हणजे खरं पाहता हे एकच झाड, दोन अंगणांत उभं असलेलं. त्याच्या अर्ध्याला वसंत कळला आणि अर्ध्याला नाही?

"ऊन बघा की तुमच्याकडचं," काका म्हणाले. "अकरापर्यंत भिंतीची सावली. माझ्याकडे सकाळपासून तापतं."

पटलं. थंडी आणि कोरड आली की चाफा पानं टाकून झोपतो आणि ऊब आल्याशिवाय उठत नाही. माझ्या अंगणात ती ऊब जरा उशिरा पोचत असणार. तेव्हापासून मी झाडासोबत भिंतीचीही काळजी करते.

झाड जिवंत आहे का हे बघायची एक जुनी, सोपी युक्ती आहे. साल नखाने हलकेच खरवडायची. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं निघालं तर निदान ती फांदी तरी गेली. मी सोमवारी खरवडलं. पोपटी हिरवं निघालं, वर चिकाचा पांढराशुभ्र थेंब आला. इतका आनंद झाला की तो चीक बोटाला चिकटून राहिला तरी दुपारपर्यंत लक्षातच आलं नाही. गुरुवारी शंका आली, ती तर डावीकडची फांदी होती. उजवीकडची? तीही हिरवी. मग मधली. मग खोड. मग पुन्हा डावीकडची, कारण सोमवारला आता बरेच दिवस झाले होते. आज त्या झाडावर माझ्या नखाच्या अकरा खुणा आहेत. गळ्याला नख लावणं म्हणतात ते हेच असावं. लेक म्हणाली, "आई, हे झाड गेलंच, तर शवविच्छेदनात तुझंच नख सापडेल."

ती हसते, पण तिला अंजीर आठवत नाही. ती लहान होती. अंजिराचं एक रोप असंच बोडकं होऊन बसलं होतं आणि मी त्याला पालवी यावी म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ आळं भरून पाणी घालत होते. पाणी वर ओढायचं काम मुख्यतः पानं करतात. त्यांच्यातून वाफ होऊन पाणी जातं आणि खालून आणखी ओढलं जातं. पानंच नसली की झाडाला पाणी लागतं अगदी थोडं. बाकीचं मातीत साचतं आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. हे सगळं मला नंतर कळलं. उपटलं तेव्हा मुळं काळी, हाताला बुळबुळीत लागली. आणि खोडाची साल खरवडली तर खाली अजून हिरवं होतं! म्हणजे नखाची परीक्षा खोडापुरतीच. खाली जमिनीत काय झालंय ते नखाला कळत नाही.

बरं, पान आलं म्हणजे तरी सुटलो, असंही नाही. चाफ्याची तोडलेली फांदी नुसती कोपऱ्यात पडून राहिली तरी तिच्या अंगातल्या साठ्यावर तिला पानं फुटू शकतात. मुळांचा पत्ता नाही आणि वर हिरवा तुरा! हे एकदा पाहिल्यापासून माझा पानांवरचाही विश्वास जरासा उडालेला आहे. तरी वाट त्यांचीच बघते.

अशा वेळी मला जिनिव्हाचा फार आधार वाटतो. तिथल्या संसदेच्या सचिवाकडे, त्याला 'सोतिए' म्हणतात, एक अधिकृत काम आहे. एका ठरावीक हॉर्स चेस्टनटच्या झाडाला पहिलं पान कधी फुटतं ते बघायचं आणि वसंत आल्याचं जाहीर करायचं. १८१८ पासून त्या नोंदी आहेत. झाड म्हातारं होऊन गेलं की दुसरं नेमतात. २००२ साली तर पान २९ डिसेंबरलाच आलं, ऐन थंडीत. म्हणजे मी रोज सकाळी चपला सरकवून जे करते, ते तिथे पगारी पद आहे. इंग्लंडात नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाचे एक जमीनदार होते. त्यांनी १७३६ पासून कोणत्या झाडाला पान कधी आलं, बेडूक कधी ओरडले, असल्या नोंदी ठेवल्या, साठ वर्षांवर. पुढे त्यांच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालवलं. त्या घरात "नाही अजून" हे वाक्य किती पिढ्या ऐकू आलं असेल!

आणि उशीर करणाऱ्या झाडांना खरोखर कारणं असतात. थंड मुलखातला ओक बर्चच्या मागून जागा होतो, कारण त्याच्या लाकडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या रुंद असतात आणि गोठणाऱ्या हिवाळ्यात त्यांच्यात हवा अडकून त्या निकामी होतात. त्याला आधी नव्या नळ्या घडवाव्या लागतात, मग पानं. बर्चच्या नळ्या अरुंद, त्याचं भागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ओक आळशी आहे. तो आत प्लंबिंग करत असतो. माझ्या चाफ्याचं दुखणं हे नव्हे, तो गरम मुलखातला, त्याचं मूळ घर मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. पण ओकचं वाचल्यापासून मी त्याच्याकडे जरा कमी संशयाने बघते.

आज सकाळी उजवीकडच्या फांदीचा शेंडा जरा वेगळा दिसला. फुगलेला, तेल लावल्यासारखा चकचकीत, आणि मधोमध पक्ष्याच्या चोचीसारखं हिरवट टोक. पान आहे की फुलांचा गुच्छ, कळेना. चाफ्याला पानांआधी फुलंही येतात. नीट बघायला बोट पुढे गेलं, नखासकट, आणि मी ते तसंच मागे घेऊन ओढणीत गुंडाळलं.

आत आले. रोजचं वाक्य आज चालणार नव्हतं आणि दुसरं तयार नव्हतं.

"आलंय काहीतरी," मी म्हटलं.

लेकीने मोबाइलमधून मान वर केली. "काय?"

"उद्या सांगते."