‘अंडर प्रोसेस’मध्ये अडकलेले 2,61,960 रुपये

नाशिकच्या अंबडला आमचं टर्निंगचं, म्हणजे लेथवरच्या कामाचं, छोटं वर्कशॉप आहे. मशिनं बाबा बघतात. बिलं, मेल, जीएसटी माझ्याकडे. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, एका मोठ्या कंपनीने आमचं बिल अडकवलं. पैसे येऊन बरेच दिवस झाले, तरी ‘अंडर प्रोसेस’ हे शब्द दिसले की माझं डोकं अजून तापतं.

1,200 बुश (भोक असलेले गोल सुटे भाग), 185 रुपये नग, वर 18 टक्के जीएसटी. माल 6 जानेवारीला त्यांच्या गेटवर उतरला. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, पैशांसाठी 45 दिवसांची मुदत, म्हणजे 20 फेब्रुवारी. त्याच तारखेला जानेवारीचा जीएसटी भरायचा होता. पैसे हातात आले नसले तरी या बिलाचा 39,960 रुपये कर हिशेबात धरावाच लागला. त्यांच्याकडून मात्र चार मेलना एकच उत्तर: ‘युवर पेमेंट इज अंडर प्रोसेस.’

27 फेब्रुवारीला रात्री साडेअकराला मी पाचवा मेल लिहिला. ‘लहान लोकांचे पैसे वापरून धंदा करायची तुम्हाला सवयच लागली आहे,’ असं त्यात होतं. सीसीत सापडतील तेवढे साहेब घातले आणि पाठवून दिला.

आठ दिवस काहीच नाही. मग परचेसमधून बाबांना फोन आला, ‘ताईंना जरा समजावा.’ पुढची पीओही थांबली. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, "चल, त्यांच्या स्टोअरला जाऊन येऊ."

तिथे खरी गोष्ट कळली. स्टोअरच्या माणसाने स्क्रीन वळवून दाखवली: जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद) 1,160 नगांची, 40 नग ‘क्यूसी होल्ड’, म्हणजे दर्जा तपासणीत अडकलेले. पीओ, जीआरएन आणि बिल या तिन्हींतले आकडे जुळले नाहीत की त्यांची सिस्टिम बिल पुढे सोडतच नाही. म्हणजे ज्या अकाउंट्सच्या मॅडमवर मी इतके दिवस चिडत होते, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. होल्ड क्यूसीने टाकलेला, आणि क्यूसीने आम्हाला एका ओळीनेही कळवलेलं नव्हतं. हे मला आजही पटत नाही.

क्यूसीचे साहेब पहिल्याच वाक्याला म्हणाले, "तुमचा मालच खराब आहे." माझ्या ओठावर उत्तर आलं होतं. बाबांनी खुर्ची ओढली, शांतपणे बसले आणि विचारलं, "साहेब, कुठल्या मापात गेलाय? गेज दाखवता का?" त्या एका प्रश्नाने खोलीतला सूर बदलला. चाळीसही नग आमच्यासमोर मोजले. 26 बरोबर निघाले. 14 नगांचा बोअर, म्हणजे आतलं भोक, खरंच 0.02 मिमी मोठा होता. बाबांनी ते 14 लगेच मान्य केले, आणि त्यानंतर उरलेल्या 26 वर साहेबांनीही ताणलं नाही. आपली चूक आधी कबूल केली की बाकीच्या मुद्द्यावर ठाम उभं राहता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तरी तोंडी ठरलेलं मी तसंच सोडलं नाही. सोमवारी, 10 मार्चला मेल केला. तो इंग्रजीत होता, मराठीत असा:

‘विषय: बिल क्र. 214, रु. 2,61,960: जीआरएन 1,186 नगांची करण्याबाबत, मंगळवार 18 मार्चपर्यंत.
नमस्कार. शनिवारी आपल्या क्यूसीत एकत्र मोजणी झाली. 26 नग योग्य, 14 नाकारलेले. या 14 नगांची 3,056.20 रुपयांची क्रेडिट नोट सोबत आहे. कृपया जीआरएन दुरुस्त करावी, म्हणजे अकाउंट्सला 2,58,903.80 रुपये सोडता येतील. आमची उद्यम नोंदणी ‘सूक्ष्म’ गटातली आहे. मुदत उलटून गेलेली ही रक्कम 31 मार्चपर्यंत दिली गेली नाही, तर आयकर कलम 43बी(एच)नुसार हा खर्च आपल्याला या वर्षी धरता येणार नाही, म्हणून वेळेत कळवत आहे.’

मेल ‘टू’मध्ये क्यूसीला, सीसीत फक्त स्टोअर आणि अकाउंट्स. मोठे साहेब कुणीच नाहीत.

शेवटच्या वाक्यावर मी तासभर घालवला. पहिल्या खर्ड्यात लहान उद्योगांसाठीचा 2006 चा एमएसएमईडी कायदा होता, उशिरासाठी बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज होतं, सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रारीचा इशाराही होता. त्याच कायद्यात असंही आहे की माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. हा मुद्दा हातात असताना न वापरणं मला फार जड गेलं. पण मला व्याज नको होतं, पगारासाठी पैसे हवे होते. म्हणून ते सगळं काढलं आणि त्यांचं नुकसान टळेल तेवढंच ठेवलं. आयकराचा तो नियम मार्चमध्येच खरं काम करतो, जूनमध्ये त्याला कोण विचारतो? आणि उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक बिलावर आधीपासून छापलेला हवा, नाहीतर समोरचा ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणून मोकळा होतो.

आता आठवलं म्हणून सांगते. राग आलेला असताना मेल लिहायचा असेल तर ‘टू’ची जागा रिकामी ठेवा, चुकून पाठवला जात नाही. फोनवर काही ठरलं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका. ‘लवकरात लवकर’ला काही अर्थ नाही, वार आणि तारीख लिहा. तारीख निवडताना गावाचं कॅलेंडरही बघा. मी आधी 19 मार्च लिहिली होती. ती रंगपंचमी! नाशिकमध्ये त्या दिवशी रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, टेबलावर कोण सापडणार?

17 मार्चला जीआरएन दुरुस्त झाली. 21 मार्चला, शुक्रवारी दुपारी, 2,58,903.80 रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. मी मशिनच्या आवाजातच ओरडून बाबांना सांगितलं.

संध्याकाळी अकाउंट्सच्या मॅडमना वेगळा मेल लिहिला: ‘27 फेब्रुवारीचा माझा मेल चुकीचा होता, अडचण तुमच्याकडे नव्हती, माफ करा.’ उत्तर आलं नाही. पण जुलैत त्यांचा स्वतःहून फोन आला, "ताई, तुमच्या नव्या बिलाची जीआरएन जुळत नाहीये, स्टोअरला आजच विचारून घ्या."