ठराव तर झाला होता, मग काम कुठे अडलं?

"ताई, ठराव तर झाला होता ना? पेपरात आलं होतं. मग आमचं गटार कुठंय?"

हा प्रश्न मला बाजारात भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, एस.टी.च्या थांब्यावरही विचारतात. नगरपालिकेत मी 28 वर्षं नोकरी केली. त्यातली 22 वर्षं सभेच्या टेबलावर होते. सभेची नोटीस काढायची, विषयपत्रिका घरोघर पोचवायची, सभेत बसून टिपणं घ्यायची आणि मग इतिवृत्त लिहायचं, हे माझं काम. 2023 साली निवृत्त झाले, तरी लोकांच्या लेखी मी अजून 'ठराव लिहिणाऱ्या ताई'च आहे. परवा खालच्या आळीतल्या एका काकूंनी हाच प्रश्न इतक्या कळवळून विचारला की रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर देणं मला बरं वाटेना. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव कोकणातलं, नगरपालिका 'क' वर्गातली. म्हणजे चाळीस हजारांच्या आतली वस्ती. सर्वसाधारण सभा कायद्याने दोन महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते आणि तिची नोटीस सात दिवस आधी निघते. विशेष सभेला तीन दिवस पुरतात. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात हे सगळं आहे. सभा नागरिकांसाठी खुली असते हेही त्यातच आहे, पण मागच्या बाकांवर पत्रकार सोडून कुणी बसलेलं मी माझ्या नोकरीत फार क्वचित पाहिलं.

आता ठरावाकडे येते. लोकांना वाटतं, हात वर झाले, अध्यक्ष 'मंजूर' म्हणाले, की झालं. खरं तर सभागृहात जे बोललं जातं तो ठराव नसतो. ठराव म्हणजे नंतर इतिवृत्ताच्या पुस्तकात जे लिहिलं जातं ते. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, 'सर्वानुमते मंजूर' आणि त्याच्या वर चार-सहा ओळींचा मजकूर. तो मजकूर कसा आहे, यावर पुढची दोन-दोन वर्षं ठरतात.

'खालच्या आळीतील गटाराचे काम करण्यात यावे व त्यासाठी येणाऱ्या खर्चास अमुक लेखाशीर्षातून मंजुरी देण्यात येत आहे' असं लिहिलं असेल, तर त्या ठरावाला पाय आहेत. लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातलं ते खातं, ज्यातून पैसे द्यायचे. बांधकाम विभाग तो हातात घेऊन इस्टिमेट करायला बसू शकतो. 'तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे' असं असेल, तर सभागृहाने फक्त मान डोलावली आहे, पैसे दिलेले नाहीत. 'प्रस्ताव शासनाकडे सादर करण्यात यावा' म्हणजे आपण मागणी केली, देणारा दुसरा आहे. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे दोन शब्द शेवटी आले, की मी मनातल्या मनात त्या आळीला अजून दोन पावसाळे मोजायची. आणि 'पुढील सभेत ठेवण्यात यावा' म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पेपरात मात्र पाचही ठरावांची बातमी एकच येते: गटाराला मंजुरी.

काकूंच्या गटाराचा ठराव मी शोधून वाचला. त्यात 'तत्त्वतः' आहे. लेखाशीर्ष नाही.

लेखाशीर्षाचा मी एवढा आग्रह का धरते, तर लहान नगरपालिकेकडे स्वतःचा पैसा असतोच किती? पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची आणि संध्याकाळी रोकड पालिकेत यायची. 1999 साली नगरपालिकांची जकात गेली, त्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येऊ लागलं आणि ते बहुतेक पगारातच जातं. उरली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. घरपट्टीची वसुली मार्चमध्ये जोर धरते. चार वर्षांनी फेरआकारणी आली की हरकतींचे गठ्ठे येतात आणि सगळ्या पक्षांचे सदस्य एका सुरात वाढ नको म्हणतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, लोकांची ऐपत त्यांना माहीत असते. पण त्याच सभेत पुढच्या विषयाला तेच सदस्य चार रस्ते मागतात. बाहेरून येणारा पैसा बहुतेक बांधलेला असतो. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच ठेवलेला होता, नगरोत्थान या राज्याच्या योजनेचा पैसा मंजूर प्रकल्पापुरता. तिजोरीत रक्कम दिसत असते आणि तरी ती तुमच्या आळीकडे वळवता येत नाही. काकूंना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पैसे आहेत पण आमचे नाहीत." इतक्या थोडक्यात मला कधी मांडता आलं नव्हतं.

आणि ठराव नीट असला, पैसे असले, तरी पुढे टेबलं आहेतच. इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, जिल्ह्याच्या निधीतलं काम असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, निविदा, दराला मंजुरी, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश, मग काम, मोजमाप पुस्तिका, बिल. मध्येच कुणी त्याच नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तर ठरावालाच स्थगिती मिळू शकते. मध्येच आचारसंहिता लागली, की काढायची निविदा कपाटात जाते.

पण सगळा दोष पैशावर आणि टेबलांवर टाकून मी मोकळी होणार नाही. एक चूक माझी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

2008 सालची गोष्ट. एका वाडीला पाण्याची लाइन द्यायचा विषय होता. त्या प्रभागाच्या नगरसेविका फारशा बोलत नसत, त्या दिवशी मात्र उठून म्हणाल्या, "मारुतीच्या देवळापासून शाळेच्या मागच्या घरांपर्यंत." सभागृहात दुसऱ्याच विषयावरून गलका चालला होता. माझ्या टिपणात 'देऊळ ते शाळा' एवढंच उतरलं. इतिवृत्तात तेच गेलं. पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय नेहमीसारखा अर्ध्या मिनिटात झाला. कुणी वाचलं नाही, मीही पुन्हा वाचलं नाही.

पाइप पडत पडत शाळेच्या फाटकाशी आला आणि थांबला. ठेकेदाराचं बरोबर होतं, त्याच्या कार्यादेशात शाळा हेच शेवटचं टोक होतं. मागची नऊ घरं राहिली. कायम झालेलं इतिवृत्त खोडता येत नाही, म्हणून नवा ठराव करावा लागला. त्यासाठी सभा, मग सुधारित इस्टिमेट, तेवढ्यात 2009 च्या लोकसभेची आचारसंहिता, मग पावसाळा, मग विधानसभेची. त्या नऊ घरांच्या नळाला पाणी आलं 2010 च्या उन्हाळ्यात. मधल्या काळात मी ऑफिसला जायच्या वाटेवर त्या घरांतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन कातळावरच्या विहिरीकडून येताना दिसायच्या. त्यांना ठाऊक नव्हतं की ती चढण माझ्या दोन शब्दांनी त्यांच्या वाट्याला ठेवली होती. नंतर मी त्या नगरसेविकाबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "इतिवृत्त मी वाचायला हवं होतं, सही करणारे आम्हीच." त्या दिवसापासून प्रत्येक कामाच्या ठरावात 'पासून' आणि 'पर्यंत' हे दोन्ही मी संबंधित सदस्यांना वाचून दाखवल्याशिवाय लिहिलं नाही.

दुसरी एक सवय मी लावून घेतली ती याहून कठीण होती. इतिवृत्तात जागा सोडायची नाही. विषयपत्रिकेचा शेवटचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असा असतो. तातडीच्या कामासाठी तो हवाच. पावसाळ्यात साकव वाहून गेला तर सात दिवसांच्या नोटिशीची वाट कोण बघणार? पण सभा संपल्यावर, चहा झाल्यावर, "ताई, दोन ओळी मोकळ्या ठेवा, एक विषय घालायचाय" असं मला एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं गेलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी घाबरायची. पुढे सभा संपली की तिथेच शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून वेळ टाकायला लागले. त्यापायी दोन वर्षं जन्म-मृत्यू नोंदीच्या खिडकीत बसावं लागलं. त्याचं मला दुःख नाही. त्या पुस्तकात जे आहे ते सभेत झालं होतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

कागदावरच्या ठरावाचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे. मुंबई विधिमंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये त्याला धरून चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो ठराव पुस्तकात होता आणि तळ्याच्या पायऱ्यांवरची स्थिती जशीच्या तशी होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव फिरवला. पुढे कोर्टकज्जा होऊन मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडला. महाडला गेले की मी तळ्याच्या काठावर थोडा वेळ बसते. गटाराची आणि त्या लढ्याची तुलना करायची माझी छाती नाही. पण ज्या पुस्तकात मी आयुष्यभर लिहिलं, तसल्याच एका पुस्तकात तो ठराव तीन वर्षं पडून होता, हे मला तिथे फार जवळून जाणवतं.

मधली काही वर्षं तर सभागृहच नव्हतं. 2021 च्या डिसेंबरात मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. मी निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं तसले ठराव लिहिले. सूचक नाही, अनुमोदक नाही, चर्चा नाही, खाली एकच सही. कामं झाली नाहीत असं नाही, काही तर लवकर झाली. पण 'शाळेच्या मागच्या घरांपर्यंत' असं उठून सांगणारं कुणी त्या खोलीत नव्हतं. खुर्च्यांवर प्लॅस्टिक घातलेलं असायचं आणि मी एकटी टेबलाशी. 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं त्या सकाळी मी सातलाच केंद्रावर उभी होते. निकालाला मग 21 तारीख उजाडली.

तेव्हा काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. तुमचा ठराव आहे, पण तो तत्त्वतः आहे. त्याला लेखाशीर्ष नाही आणि गटार कुठपासून कुठपर्यंत हेही त्यात नाही. नव्या सभागृहात तो पुन्हा यायला हवा. त्यासाठी तुमच्या प्रभागाच्या दोन्ही सदस्यांना लेखी द्या, आळीतल्या घरांच्या सह्यांसकट, आणि पोच घ्या. 'वडाच्या झाडापासून ओढ्यापर्यंत' असं स्पष्ट लिहा. अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधी जायला हवा, म्हणजे तरतूद मागता येईल. जुन्या ठरावाची नक्कल सोबत जोडा. नक्कल द्यायला टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

आणि सभेला या. तुम्हाला तिथे बोलता येणार नाही, पण ऐकता येईल. विषय पुकारला की कोण काय म्हणतं ते वहीत लिहून घ्या आणि इतिवृत्त आलं की ताडून बघा. नोटीस लागली की मी तुम्हाला निरोप देते. मी दर सभेला जातेच, मागच्या बाकावर डाव्या हाताला खिडकीशी बसते. जागा धरून ठेवीन.