खोकला आला की समजायचं

गेल्या रविवारी आत्याला घेऊन कोथरूडला एक मराठी सिनेमा बघून आले. नाव नाही सांगत, कारण त्यातल्या कलाकारांवर माझा खरंच जीव आहे. तर पहिल्याच सीनमध्ये आजोबा जरासे खोकले आणि आत्या शेजारून म्हणाली, "गेले हे. इंटरव्हलच्या आत." मी म्हटलं, श्शू! इंटरव्हलला आजोबा हार घालून भिंतीवर, आणि आत्या शांतपणे पर्समधून आलेपाकाची वडी काढतेय.

पुढे पण तेच. अमेरिकेतला मुलगा येणार, वाडा बिल्डरला देऊ म्हणणार, मग माळ्यावरची ट्रंक, ट्रंकेत पत्रं, पत्रं वाचताना बाहेर पाऊस. आत्याचा एकही अंदाज चुकला नाही, शेवटी शेवटी तर ती डायलॉग पण आधी म्हणायला लागली आणि पुढच्या रांगेतले काका वळून बघायला लागले.

पण कामं काय केलीयेत हो सगळ्यांनी! आजी झालेल्या बाईंचा एक सीन आहे, समाचाराला आलेल्या बायका डोळे पुसतायत आणि ह्या मधेच उठून गॅसवरचं दूध बघून येतात, परत बसतात, पदर सारखा करतात. बास, एवढंच. माझ्या घशात आवंढा. हे कागदावर लिहिलेलं नसणार, पैज लावते, ते बाईंनी स्वतःच्या घरून आणलं असणार. कारण लेखकाने त्यांना दिलंय काय, तर 'सोशीक'. झालं. ही बाई दुपारी तीन ते पाच काय करते, कुणाशी तिचं पटत नाही, भिशीला जाते का, काही म्हणजे काही माहीत नाही. सुनेकडे तर फक्त लॅपटॉप आणि कपाळावर आठी. आमटी इतकी पातळ की डाळ नटांनी आपापल्या डब्यातून आणून घातल्यासारखी.

आणि हे कुठे, तर पुण्यात, जिथे लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूटच्या जागेत एकेकाळी प्रभातचा स्टुडिओ होता. त्यांचा १९३६ चा 'संत तुकाराम' आठवा. त्यातली जिजाई! नवरा संत, म्हणजे हिला नुसती कजाग करून सोडून देणं किती सोपं होतं. पण तिला म्हैस आहे, पोरं आहेत, घरात दाणा नाही, आणि पोरगं आजारी पडल्यावर ती पायतण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला जाते. ती आता काय करेल हे आत्याला पण नसतं सांगता आलं. इतकं लांब पण कशाला जायचं, पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्यला जाऊन बसा, कॉलेजची पोरं एका एकांकिकेत कधीकधी असा माणूस उभा करतात की घरी जाईपर्यंत डोक्यातून जात नाही.

परत येताना स्कूटरवर मागून आत्या म्हणाली, "ती सून छान करते गं काम. मागच्या वर्षी नाटकात पण बघितलं होतं आपण हिला." नाटकातलं नाव आम्हा दोघींना लगेच आठवलं. मग म्हणाली, "आणि ह्यात काय होतं गं तिचं नाव?"

नळस्टॉपचा सिग्नल सुटेपर्यंत आठवत होतो दोघी. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.