घसा बसलेली आई आणि सत्तेचाळीस तारांची बाई

आईनं हार्प वाजवत गाणारी अमेरिकन गायिका जोआना न्यूसम पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती गवार मोडत बसली होती. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "अरे मांजर कुठं अडकलंय का बघ जरा." मी म्हटलं आई, गाणं आहे ते. तर म्हणे हो का, मग बाईला सोडवा.

आता यात आईची काही चूक नाही, पहिला अल्बम 'द मिल्क-आइड मेंडर' 2004 चा, आणि त्यातला आवाज खरंच तसा आहे. चिरका, लहान मुलीसारखा, मधेच एकदम म्हातारा. मलाही पहिल्यांदा झेपला नव्हता. पण मागे ती हार्प, म्हणजे ते उभं तारांचं वाद्य, वाजत असते ना, तिच्यासाठी म्हणून परत लावलं, आणि मग आठवडाभर कॉलेज रोडवरनं ऑफिसला जाता-येता दुसरं काही ऐकलंच नाही.

मला वाटायचं हार्प म्हणजे आपल्या स्वरमंडलाचा मोठा भाऊ. गायक मांडीवर घेऊन मधून मधून बोटं फिरवतो, छान झुळूक येते, संपलं. हे तसं नाहीये. मोठ्या पेडल हार्पला 47 तारा असतात आणि खाली पायात 7 पेडल, प्रत्येक स्वराला एक, पेडल खाली-वर केलं की त्या नावाच्या सगळ्या तारा एकदम कोमल किंवा तीव्र होतात. म्हणजे हात वर पळतायत, पाय खाली पळतायत, वजन पस्तीस-चाळीस किलो, आणि यातली गंमत म्हणजे करंगळी वापरतच नाहीत, दोन्ही हातांची चार-चार बोटंच. तारा ओळखू याव्यात म्हणून एक स्वर लाल रंगाचा, एक काळा. हे सगळं सांभाळून ही बाई वरनं गाते, आणि ते पण पानभर शब्द असलेली गाणी.

माझा मामा पंचवटीत तबल्याच्या शिकवण्या घेतो, त्याला एकदा ऐकवलं. त्याला आवाजाबिवाजाशी काही देणंघेणं नाही, तो डोळे मिटून मांडीवर टाळी-खाली धरत बसला. मधेच थांबला. परत पहिल्यापासनं लाव म्हणाला. मग डाव्या हातानं एक लय धरली, उजव्यानं दुसरी, आणि म्हणाला, "हिला आड लय कोणी शिकवली रे?" तर उत्तर असं आहे की पश्चिम आफ्रिकेतल्या कोरानं शिकवली. कोरा म्हणजे भोपळ्याचं वाद्य, 21 तारांचं, त्याचा भोपळा बघितला की आपली वीणाच आठवते. लहानपणी हार्प शिकताना तिला त्या कोराच्या बाजाची ओळख झाली, एका हातात तीनचं चाललंय, दुसऱ्यात चारचं, असलं ते. मामानं चहा गार केला पण दोन्ही हात जुळवून दाखवलेच.

तिचं गाव नेवाडा सिटी, कॅलिफोर्नियातलं, सोन्याच्या खाणींच्या काळात वसलेलं छोटंसं. आईवडील दोघं डॉक्टर. पुढं मिल्स कॉलेजात संगीतरचना शिकायला गेली आणि मधेच सोडलं. घरी रेकॉर्ड केलेली गाणी फिरत फिरत विल ओल्डहॅम या गायकाच्या हाती लागली, त्यानं ती ड्रॅग सिटी या शिकागोच्या छोट्या कंपनीला दिली, आणि आजवरचे चारही अल्बम त्याच कंपनीकडं. एवढं नाव झाल्यावरही कंपनी बदलली नाही, मला हे भारी वाटतं.

दुसरा अल्बम 'ईज', 2006. फक्त 5 गाणी आणि सगळी मिळून पाऊण तासाच्या वर! एकेक गाणं म्हणजे बडा ख्याल, सगळ्यात मोठं तर जवळपास 17 मिनिटांचं. हार्प आणि आवाज स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकानं रेकॉर्ड केला, मग वरनं व्हॅन डाइक पार्क्स या संगीतकाराचा पूर्ण वाद्यवृंद चढवला. लोक याला तिचं सर्वोत्तम काम म्हणतात. मला खरं सांगू का, पंगतीत आग्रह करून वाढतात तसं होतं कधीकधी, व्हायोलिनं जरा कमी चालली असती. त्यातलं एकच गाणं नुसत्या हार्पवर आहे, दहाएक मिनिटांचं, आणि मी फिरून फिरून तिथंच जातो.

हे सगळं ऐकायचं कसं हा एक वेगळाच उपद्व्याप. 2015 साली ती उघड बोलली की स्पॉटिफायसारखी कंपनी कलाकाराचे पैसे बुडवते, आणि मी तिथं शोधलं तेव्हा ती नव्हतीच. शेवटी बाहेरनं येणाऱ्या मित्राकडनं सीड्या मागवल्या आणि माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर खाली काढला. म्हणून तर ते हॉलमधे वाजतं आणि म्हणून तर आईला ऐकावं लागतं.

तर मुद्दा असा की 2009 मधे हिच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. दोन महिने गाणं बंद, बोलणं बंद, रडायला पण बंदी. त्यानंतर 2010 ला 'हॅव वन ऑन मी' आला, तीन सीड्या, दोन तास, आणि आवाज बदललेला. गोल, खालचा, चिरकेपणा गेलेला.

ती सीडी लावली तेव्हा आई म्हणाली, ही कोण दुसरी? मी म्हटलं तीच, मांजरवाली, घशाला गाठी आल्या होत्या. आईच्या हातातलं निवडणं थांबलं. आई तीस वर्षं प्राथमिक शाळेत होती, एका वर्गात साठ पोरं, तिलाही हेच झालं होतं. डॉक्टरनं बोलायचं नाही म्हणून सांगितलं तर स्वयंपाकघरात माझी जुनी पाटी टांगली होती, त्यावर लिहायची. 'मीठ आण'. 'गॅस बंद'. एकदा मला झापायला एवढं मोठं लिहिलं की पाटी पुरेना, पुसून पुढचं लिहिलं, आणि तोपर्यंत मी पळालो होतो. बरी झाली पण भजनी मंडळात वरचा स्वर परत लागला नाही, मग तिनं टाळ घेतले.

"किती दिवस गप्प होती?"

"दोन महिने."

"मला एकवीसच सांगितले होते," आई म्हणाली. मग थोडं ऐकून, "बघ, वर जाताना आधी टेकते थोडी. एकदम नाही जात."

मी तीनदा मागं घेऊन ऐकलं. टेकते खरी.

आता अधूनमधून विचारते, तुझ्या त्या बाईचं नवीन काही आलं का. 'डायव्हर्स' 2015 चा, त्यानंतर अल्बम नाही, असं सांगितलं की म्हणते, "गप्प बसली असेल तर बसू दे तिला." आणि मग आवाज वाढव म्हणते, मिक्सर चालू असतो.