माझ्या गच्चीवरचं सी हॅरियर

मी लहान असताना वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सी हॅरियर या हवेत एका जागी उभं राहू शकणाऱ्या लढाऊ विमानाचा आवाज बऱ्याचदा ऐकलाय. त्यांचा गोव्यातला तळ, दाबोळी, इथून सरळ रेषेत 55-60 किलोमीटर. 1983 साली ही विमानं नौदलात आली आणि मे 2016 मध्ये दाबोळीच्याच आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर त्यांना निरोप दिला गेला. तोवर माझ्याकडे एकही फोटो नव्हता. म्हटलं, आपणच करू. मोचेमाडकडे जाणाऱ्या पुळणीसमोर, समुद्रावर हवेत तरंगत उभं असलेलं सी हॅरियर.

1/72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, मॉडेलचं किट मागवलं. खरं विमान साडेचौदा मीटर, म्हणजे मॉडेल जेमतेम 20 सेंटिमीटर, आमच्या स्टीलच्या पट्टीपेक्षाही आखूड. जोडणी चार संध्याकाळींत उरकली. रंग जुना घेतला, वरून गडद करडा, पोटाला पांढरा. गडद करड्यात चमचाभर पांढरा मिसळला, कारण लहान वस्तूवर डबीतला मूळ रंग नेहमी जास्तच काळा दिसतो.

मूर्खपणा केला तो जुलैत. बाहेर झड लागलेली, भिंतींना ओल, आणि मी मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, व्हार्निशचा स्प्रे मारला. पाच मिनिटांत पंखांवर साय धरावी तसा पांढरा थर! हवेतली ओल व्हार्निशमध्ये अडकली होती. दोन दिवस त्याकडे बघवलं नाही. मग तांदळाच्या पिंपाशेजारी, घरातल्या त्यातल्या त्यात कोरड्या कोपऱ्यात, मॉडेल ठेवून वरून ग्लॉस, म्हणजे चकचकीत व्हार्निशचा स्प्रे मारला आणि थर बराचसा विरला. पुन्हा मॅट मारायला मात्र दिवाळीपर्यंत थांबलो.

पहिला फोटो टेबल लॅम्पखाली काढला. बघताक्षणी खेळणं. लॅम्प हातभर अंतरावर असतो, त्याचे किरण फाकतात, त्यामुळे पंखाची सावली पोटावर भलतीच मोठी पडते. सूर्याला मॉडेल काय आणि विमान काय, सारखंच. म्हणून गच्ची गाठली. आईने बजावलं, "माका कपडे सुकत घालूक जागा ठेव." सायकलची तार मॉडेलच्या पलीकडच्या बाजूला, कॅमेऱ्याला कमीत कमी दिसेल अशी खोचली आणि दुसरं टोक कुंडीतल्या मातीत. उरलेली तार नंतर खोडायची.

आता अंतर. मी आधी वीतभरावरून फोटो काढत होतो. वीत गुणिले 72 केलं तर सोळा-सतरा मीटर होतात, म्हणजे खऱ्या विमानाच्या नाकासमोर जाऊन उभं राहण्यासारखंच. म्हणून नाक फुगलेलं दिसायचं. मागे सरकून दोन मीटरवर आलो, तर हिशेबाने 144 मीटर. तिथून थोडा झूम केल्यावर पहिल्यांदाच ते विमान वाटलं. फोनचा सेन्सर छोटा असतो त्याचा इथे फायदाच झाला, नाकापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट.

पार्श्वभूमीसाठी लाइट हाउसच्या टेकडीवरून समुद्र टिपला, दोन्ही फोटो गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन एकावर एक ठेवले. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, काय ते उमगायला आठवडा गेला. टेकडीवरून क्षितिज उंच दिसतं, त्यामुळे विमान क्षितिजरेषेच्या खाली बसलं होतं. म्हणजे मी त्याच्याकडे वरून बघतोय. आणि दिसत होतं काय, तर त्याचं पांढरं पोट! क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीला येतं, ही चित्रकलेच्या तासाला शिकवलेली गोष्ट मी साफ विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुळणीवर उभा राहून, त्याच फोनने, तेवढ्याच झूमवर समुद्र टिपला. आपल्याकडे संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की ऊन डोळ्यांत येतं, सकाळी ते पाठीशी असतं. लगेच घरी येऊन मॉडेलचा फोटोही पश्चिमेकडे तोंड करून काढला.

तरंगणाऱ्या हॅरियरखाली पाणी उधळलेलं हवं. आधी घमेल्यात पाणी घेऊन हेअर ड्रायर लावला. काही उपयोग नाही. पाण्याचा थेंब लहान करता येत नाही, विमानाशेजारी तो नारळाएवढा दिसतो. शेवटी बंदरावरच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे चाळीसेक फोटो काढले, त्यातले तुषार कापून वेगळ्या लेयरवर पसरले. खऱ्या लाटेचे तुषार खऱ्या मापाचे, त्यामुळे बसले.

शेवटचा हात धुरकटपणाचा. क्षितिजावरची वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटं फिकट निळी दिसतात, कारण मध्ये बाष्पाने भरलेली हवा असते. 144 मीटरवरच्या विमानाला तेवढी नको, पण अगदी काळीकुट्ट सावलीही नको. सावल्या किंचित उचलल्या, निळसर केल्या.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली 'मॉडेल आहे' असं लिहून. तरी दुपारपर्यंत काकांनी ती ओळ गाळून "आज सकाळी आपल्या बंदरावर" म्हणून पुढे पाठवला. त्यांना फोन करून तो काढायला लावला.

संध्याकाळी शेजारचे आबा आले. नौदलातून निवृत्त, आयुष्य इंजिनांत गेलेलं. चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हवा आत घेणाऱ्या तोंडाशी असलेल्या बारीक झडपांच्या रांगेवर नख ठेवलं.

"इमान हवेत उभा आसा, मगे झडपो बंद कशो?"

बरोबर होतं. एका जागी तरंगताना इंजिनाला समोरून पुरेशी हवा मिळत नाही, ते ओढ घेतं आणि त्या झडपा आत उघडतात. किटमध्ये त्या बंद कोरलेल्या. त्या रात्री मी कटरला नवं पातं लावलं आणि पहिली झडप कापायला घेतली.