पीएफच्या पासबुकातला तो तिसरा रकाना

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या युनिटात मी अकाउंट्स बघतो, त्यामुळं पगार झाला की कुणीतरी मोबाईल पुढं करतंच, "सर, माझे १८०० कापले, मग मालकाचे ५५०च कसे दिसतात हो?" अहो, मालकाचे पण १८००च हायत की, पण १५,००० बेसिक धरलं तर त्यातले १२५० तिसऱ्या रकान्यात, म्हंजे पेन्शनला जातात, आणि त्या १२५० वर व्याज नसतं, तिथं फॉर्म्युला चालतो. पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, म्हंजे १५ वर्षं झाली असली तर महिन्याला ३२१४ रुपये, बास.

पेन्शनसाठी पगार धरायची ही १५,००० ची लिमिट २०१४ पासून तिथंच अडकलीय, महागाई मात्र थांबली नाही.

म्हणून तरुण पोरांना मी एनपीएस, म्हंजे सरकारची ती दुसरी पेन्शन योजना, पण उघडा म्हणतो. तिथं ऑटो चॉइस घेतला की वय वाढेल तसा शेअर्सचा हिस्सा आपोआप कमी होतो, ॲक्टिव्हमध्ये आपणच ठरवायचं. ऑक्टोबर २०२५ पासून तर १०० टक्के इक्विटीच्या, म्हंजे सगळे पैसे शेअर्समध्ये घालायच्या, स्कीमाही आल्यात, पण पन्नाशीतल्या माणसानं तिकडं कशाला जायचं, मला तरी पटत नाही. आणि नोकरी बदलली की पीएफ काढून गाडी घेऊ नका राव, ट्रान्सफर करा, ऑनलाइन होतंय.